मशीनच्या खोलीत चपला घालून

मुरुम, ६ जानेवारी २०२५

ति. वृषाली आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हुं हुं करता, पत्रावर मात्र विचार करता, म्हणून लिहितेय. दूध संघातली माझी नोकरी अजून कच्चीच आहे. इथं झेरॉक्स मशीनच्या खोलीत जाताना, देवघरात जाताना काढतात तशा, चपला बाहेर काढाव्या लागतात. सफाईच्या इरम्मामावशी रोज शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसतात आणि मी अनवाणी उभी राहून मशीनला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. परवा तर झटक्यानं हातातले कागदच सांडले. आमचे मोठे कारकून सोमेशभाऊ म्हणतात की मशीनला नवी माणसं मानवत नाहीत, हळूहळू ओळख होईल. सचिवसाहेबांनी बजावलंय, सभेचे कागद वेळेत निघाले नाहीत तर दुसरं माणूस बघू. आत्या, त्या खोलीची भीतीच बसलीय. सोडून देऊ का?

तुमच्या मायेची आशा धरून बसलेली,
श्रावस्ती

धाराशिव, ९ जानेवारी

चि. श्रावस्तीस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

सोडायचं नंतर बघू. आधी मशीन बंद कर आणि कुणालाही हात लावू देऊ नकोस. अगं वेडे, मशीन माणसं ओळखत नाही, ओली फरशी ओळखतं! सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा इस्त्री शिकवायच्या आधी आम्हाला बूट घालायला लावायच्या, हात कोरडे करायला लावायच्या. वायर धरून प्लग ओढला की बोटांवर पट्टी बसायची. त्यांच्या झग्याचा निळीचा वास अजून आठवतो.

प्लगची जाड, तिसरी पिन बघून घे. चुकार वीज तिच्यातून जमिनीत जाते. ती वाट बंद असेल तर तुझ्या अंगातून जाईल. नुसत्या चपलेवर भागवू नकोस, वायरमन बोलाव. साहेब रागावले तर रागावू देत. मशीन दुसरं मिळेल, तू आम्हाला एकच आहेस.

काळजीत,
आत्या

मुरुम, १८ जानेवारी

ति. आत्यास सविनय जयभीम.

जिंकलो! मशीन बंद केलं तेव्हा सोमेशभाऊ म्हणाले की बाईंना काम नको, निमित्त पाहिजे. तरी मी हटले नाही. वायरमन नबीलालचाचांनी प्लग काढून दाखवला, तर जाड पिन जाग्यावर नव्हतीच! जुन्या बोर्डात बसेना म्हणून सोमेशभाऊंनीच ती पकडीनं मोडली होती. चाचा म्हणाले, नशीब लई थोर, माणूस जाता जाता राहिला. सचिवसाहेबांचा चेहरा पांढराफटक. लगेच नवा बोर्ड, अर्थिंग, खाली रबरी चटई. आता फरशी मशीन बंद करून पुसायची आणि वाळल्यावरच चालू करायचं.

काल सभा झाली. कागद वेळेआधी तयार, एक झिणझिणी नाही. अध्यक्ष खोली बघायला आले आणि सवयीनं दारात चपला काढू लागले, तर इरम्मामावशी आडव्या! म्हणाल्या, पायताण घाला साहेब, न्हाय तर आत सोडायची न्हाय, आमच्या बाईंचा हुकूम हाय. अध्यक्षांनी निमूट चपला चढवल्या. सोमेशभाऊसुद्धा हसले. आणि आत्या, नोकरी पक्की झाली.

तुमचीच,
श्रावस्ती

धाराशिव, २१ जानेवारी

चि. श्रावस्तीस,

पत्र वाचून एकटीनंच टाळ्या वाजवल्या. तुझे आजोबा लहानपणी गावातल्या पाटलाच्या गल्लीतून चपला हातात घेऊन जायचे. पुढं मला कॉन्व्हेंटात घातलं, तेव्हा माझ्या बुटांची नाडी त्यांनी स्वतः बांधली आणि म्हणाले, आता सुटू द्यायची नाही. आज त्यांच्या नातीच्या हुकमानं अध्यक्ष चपला घालून आत गेले!

सोबत लाल पट्ट्यांच्या जाड रबरी चपला पाठवतेय. लोभही तसाच रोजच्या वापरात ठेव. आणि या चपला कुठल्याच दारात काढू नकोस.

तुझी,
आत्या