ढोल आणि स्कान्दाले

बुधवार, २७ ऑगस्ट २०२५
इथे परदेशात गणपतीची सुट्टी नाही; ऑफिसला गेलो, घरी आलो. यंदा गणपती बसवला नाही. माझ्या बायकोला, रत्नाला, जाऊन साडेचार महिने झाले, वर्षाच्या आत सण करत नाहीत.
संध्याकाळी ढोल पथकाच्या कादंबरीचा फोन. "काका, मिरवणुकीत रत्नाकाकूंचा ढोल तुम्ही वाजवाल? नाहीतर त्यांची जागा रिकामी ठेवू."
सहा वर्षं तिच्या प्रॅक्टिसला गाडीत बसून सगळे ठेके मांडीवर वाजवलेत मी. कुणाला ठाऊक नाही. "वाजवतो," म्हणालो. माझं मलाच नवल!

२९ ऑगस्ट
इथल्या मराठी मंडळाच्या शंकररावकाकांना कळलं. "अरुण, वर्षाच्या आत ढोल बडवणार? लोक तोंडात शेण घालतील!" कादंबरीला 'जमणार नाही' असा मेसेज टाइप केला. पाठवला मात्र नाही.

२ सप्टेंबर
शेजारच्या डेस्कवरची सिग्रिड ओस्लोची. कॉफी कोमट निघाली — "स्कान्दाले!" प्रिंटरमध्ये कागद नाही — "स्कान्दाले!" आज अर्थ विचारला. स्कँडलच. म्हणाली, स्वीडन-डेन्मार्कमध्येही जवळपास हाच शब्द. पेपरात मंत्र्यांसाठी, घरात करपलेल्या केकसाठी. पाहुण्यांपुढे विकतची बिस्किटं ठेवली की तिची आजीही म्हणायची.
"आणि बायको जाऊन वर्ष व्हायच्या आत नवऱ्याने तिचा ढोल वाजवला तर?" ऑफिसात एवढं मी कधी बोललो नव्हतो.
तिने विचार केला. "चांगला वाजवतोस?"
"बहुतेक."
"वाईट वाजवलास तर स्कान्दाले."
हसलो! एप्रिलनंतर पहिल्यांदा. ज्या शब्दाला मी एवढा घाबरलो, तो ही माणसं कोमट कॉफीवर खर्च करतात! मेसेज पुसून टाकला.

शनिवार, ६ सप्टेंबर
वाजवला!! मंडळाची मिरवणूक पार्किंग लॉटमध्येच, दोन तास. रत्नाचा पट्टा मला तोकडा — दोरी जोडली. बोटं फुटली. कादंबरी ओरडत होती, "काका, अजून जोरात!" एकही ठेका चुकला नाही. एकही! लोक बघत होते. बघू देत!
शंकररावकाका समोरच, हाताची घडी घालून. शेवटपर्यंत हलले नाहीत.

८ सप्टेंबर
शंकररावकाकांचा फोन. काकूंना, त्यांच्या बायकोला, जाऊन नऊ वर्षं झाली. "तेव्हापासून हार्मोनियमला हात लावला नव्हता रे. काल वाजवली."
फोन ठेवला. स्वतःपुरती खिचडी टाकली.