आंब्याच्या फळीतला खिळा

रविवार, दुपार.

बाबा, आज सकाळी मी मार्केट यार्डजवळच्या एका सोसायटीत गेले, पडलेल्या आंब्याचं जमिनीत उरलेलं खोड टेपने मोजलं आणि परत आले. मग वरणभात केला, जेवले. एवढंच झालं. पण सांगावंसं वाटलं ते तुम्हाला, आणि तुम्हाला जाऊन तर अठरा वर्षं झाली.

शहरात पडलेल्या झाडांचं लाकूड आणून मी फर्निचर करते, हे तुम्हाला बघायला मिळालं नाही. मागे वाऱ्याने पडलेली आंब्याची दोन झाडं एकाच टेम्पोतून आली, एक या सोसायटीतलं, एक औंधचं. ओंडक्यांवर ठिकाण लिहायचं मी उद्यावर टाकलं आणि उद्या उजाडायच्या आत विसरले. ओंडक्यांच्या फळ्या कापून झाल्या, वाळल्या. आता सोसायटीतल्या आजींना त्यांच्याच झाडाचा बाक हवाय, आणि माझ्यापुढे एकसारख्या दोन थप्प्या. कुठलीही फळी दिली असती तरी त्यांना कळलं नसतं. मी देणारही होते.

मग एका थप्पीतल्या तीन-चार फळ्यांवर, एकाच जागी, काळा डाग दिसला आणि मी एकदम तुमच्या सॉ मिलमध्ये उभी. डिप्लोमा होऊन नोकरी नव्हती म्हणून तुमच्या हाताखाली आले होते. मी काळी पडलेली फळी जळणात टाकतेय, आणि तुम्ही करवत थांबवून चंद्रपूरच्या बोलीत ओरडताय, "कायले फेकते वं? सडलं नाही ते. पोटात लोखंड हाय." छिन्नीने तुम्ही खिळा काढून माझ्या हातावर ठेवता. वर म्हणता, "झाड शेंड्याला वाढते. खिळा मारला तिथंच राहते."

मी आजींना फोन केला. झाडाला कुणी खिळा मारला होता का?

"अहो, सासूबाईंनी! कपड्यांच्या दोरीसाठी. पण तो आता कुठला सापडायला, झाडाबरोबर तिसऱ्या मजल्यावर गेला असेल."

तुमचं वाक्य मी त्यांना सांगितलं. "असं होय? माझ्या खांद्याशी होता तो. पण माझा खांदा धरू नका, मी आटलेय."

दोरीचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आडव्या गजाला होतं. दोरी तिरकी झालेली सासूबाईंना खपायची नाही, कपडे एका टोकाला जमतात म्हणून; म्हणजे खिळा गजाच्याच उंचीला. गज अजून आहे. मी जमिनीपासून गज मोजला, उरलेलं खोड वजा केलं आणि कारखान्यात येऊन फळीच्या बुडाकडून टेप लावला. डाग हिशेबापेक्षा जेमतेम बोटभर खाली निघाला. निघताना आजी म्हणाल्या होत्या, "खात्री असेल तरच सांगा हं. नुसता बाकच हवा असता तर दुकानात मिळतो." मघाशी फोन करून खात्री आहे म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "डाग घासून काढू नका."

हे माझं श्रेय नाही, बाबा. लाकडाकडे बघायचं कसं हे तुम्ही शिकवलंत, आणि तेव्हा मी तुमचे आभारही मानले नाहीत.

एक राहिलंय. तुम्ही प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर डांबराने ठिकाण लिहायचात. एकदा दोन ओंडक्यांवरची अक्षरं नाहीशी झाली होती. तुम्ही विचारलंत, मी म्हणाले, "पावसाने गेली असतील." तुम्ही ओंडक्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, म्हणालात, "असंल." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डांबराचा डबा आणि तुमचा ब्रश होता. मी ती टोकं कापली होती. घाण दिसतात म्हणून. डांबर पावसाने जात नाही हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला तर तेव्हाच माहीत होतं.

हा कागद टेबलाच्या खणात राहील. तुमच्या डब्यातलं डांबर घट्ट झालंय, गॅसवर पाणी ठेवून त्यात डबा बसवलाय. सैल झालं की औंधच्या थप्पीवर ठिकाण लिहून टाकते.