वेदश्रीला शेवटचा क्रमांक मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बाल रुग्णालय, हुबळी

विषय : कु. वेदश्री, खाट क्र. ६, हिच्या रक्ताचा चौदाव्या दिवसाचा नमुना आज चारच्या आत घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. ३० ऑक्टोबरचा अर्ज (कृपया पुन्हा वाचू नये).

महोदय,

१. अर्जदार धारवाडला चौतीस वर्षे शाळामास्तर होता. त्याची सहा वर्षांची नात न्यूमोनियाने फुफ्फुसे निकामी होत आल्याने आपल्याकडे कृत्रिम श्वासावर होती. अशा मुलांच्या रक्तातली दाह दाखवणारी प्रथिने मोजून इजेचा गट ठरवण्याचे संशोधन आपल्याकडे चालते. नमुने दोन : पहिल्या व चौदाव्या दिवशी.

२. पहिल्या नमुन्यात वेदश्रीचा आकडा अकरा मुलांत सर्वांत वर आला. दोन दिवसांत कानावर पडलेली ती पहिलीच वरची गोष्ट. अर्जदाराने पेढे वाटले. तरीही तिला 'गट दोन'मध्ये घातलेले पाहून त्याने लेखी हरकत घेतली, की फेरतपासणी होऊन गट एक मिळेपर्यंत दुसरा नमुना घेऊ नये. डॉ. श्यामला पेढा हातात धरून म्हणाल्या, "अज्जा, इथं वर येणं वाईट. दोन म्हणजे जास्त दाह." पेढा त्यांनी खाल्ला नाही. अर्जदार जिन्यात जाऊन बसला व हरकत मागे घ्यायची राहून गेली.

३. आता नात स्वतः श्वास घेते व फुंकर मारून नर्सबाईंचे कागद उडवते. चारला घरी सोडणार आहेत. परंतु नमुना घेणारे श्री. संजीव म्हणतात, "सर, फाइलीत तुमचीच हरकत आहे. हरकत निकाली निघाल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." ते अर्जदाराचे विद्यार्थी आहेत. दुसऱ्या नमुन्याशिवाय पहिलाही बाद होतो. खाट क्र. ४ वर कलघटगीचा गणेश अजून यंत्रावर आहे. अशा मुलांच्या उपयोगी पडायचे ते नातीचे आकडे वाया जातील.

४. नात प्रथम "ब्याड", म्हणजे नको, म्हणाली. नंतर तयार झाली, पण आधी मोठ्या डॉक्टरांच्या बोटाला सुई टोचावी व त्यांनी रडू नये, अशी तिची अट आहे. त्यासाठी आपला लेखी आदेश लागेल, असे श्री. संजीव म्हणतात.

तरी हरकत रद्द करून आपण बोटासह साडेतीनपर्यंत यावे, ही विनंती. अर्जदाराने पहिला नंबर काढा म्हणून पोरांना जन्मभर छळले. आज तो एका विद्यार्थिनीसाठी शेवटचा नंबर मागत आहे. मिळाल्यास पेढे दोन किलो, पहिला डॉ. श्यामला यांनी खावा.

आपला नम्र व कमी गुणांचा इच्छुक,
बाळाचार्य
दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. अर्जाची कन्नड प्रत.
२. नातीची संमती, तिच्याच अक्षरात : "आधी ते."