मिसेस वॉर्डनी भरलेली ओटी

लीड्स, १२ ऑक्टोबर १९५७

ती. आईस,
नलूचा लांबूनच तुझ्या पायांवर माथा.

मी खुशाल आहे आणि शिक्षिकांचा अभ्यासक्रमही नीट चाललाय. दोन-दोन स्वेटर घालते, काळजी नको. गिरगावात सगळं शांत आहे ना? माझ्या बंडूला म्हणावं, संयुक्त महाराष्ट्र हवाच, पण तुझी आई लीड्सहून परत येईपर्यंत मोर्चात पुढे पुढे करू नकोस.

रविवारी मिसेस वॉर्डकडे जेवायला गेले होते. माझी मैत्रीण लीला इथं शिकत असताना त्यांच्याच घरी राहायची. म्हातारी फार गोड आहे. बटाट्यात मीठ घालायला मात्र विसरते!

निघताना त्या म्हणाल्या, "पदर पसर." हातात तांदळाची वाटी आणि नारळाऐवजी सफरचंद. लीलानंच शिकवलेलं! मी मागे सरले. म्हटलं, "माझे यजमान गेले. आमच्यात विधवेची ओटी भरत नाहीत."

त्या हसायलाच लागल्या. "अगं, मीही विधवाच. लीला निघाली तेव्हा तिची ओटी मीच भरली. तिनं नाही बाई मला असलं काही सांगितलं!"

मग मी पदर पुढे केला. इतक्या वर्षांनी, आई! बसमध्ये ओटी मांडीवर घेऊन एकटीच हसत होते.

सफरचंद टिकणार नाही म्हणून खाल्लं. तांदूळ जपून ठेवलेत. बाबा गेल्यापासून तुझीही ओटी कुणी भरली नाही. मी आले की पदर पुढे कर. नाही म्हणू नकोस.

तुझीच,
नलू