बाकावरचा तास

३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाचं घालता, म्हणून पत्रच बरं. बातमी आहे, हसू नका. मी विद्यार्थिनी झाले आहे.

कापडाचं दुकान बंद झाल्यापासून नुसती भिंतींना सोबत करत होते. तुमच्या जुन्या हॉस्पिटलने ऑनलाइन वर्ग काढलाय, वॉर्डच्या कारभाराचा. म्हणजे वॉर्ड क्लार्कचं काम. पेशंट किती वाजता आला, कुठल्या खाटेवर गेला, डॉक्टरांना कोणी कधी बोलावलं, तपासणीचा कागद कुठे अडकला, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि कागदावर असायला हवं. चार महिन्यांचा अभ्यास आहे. जेवणाच्या टेबलावर लेकीचा जुना लॅपटॉप मांडून बसते. वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलं आणि त्यांच्यात मी सत्तेचाळीस वर्षांची. पहिल्याच दिवशी माझा माइक चालू राहिला, आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी कसं झापलं ते सगळ्यांनी ऐकलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वॉर्डात हा आवाज कामाला येईल.

हेच का शिकायचं, ते तुम्ही विचारणार. हे गेले त्या दुपारी तुम्ही मीटिंगला होतात. तुमच्या चौथ्या मजल्यावर काउंटरमागची खुर्ची रिकामी होती, आणि ह्यांना बाकावर बसवून मी कुणाला सांगायचं ते शोधत होते. उशीर माझाच झाला, ते मी नाकारत नाही. केसपेपरवर वॉर्डात पोचल्याची वेळ आहे, चार चाळीस. घरून निघताना शर्ट बदलला, जुने रिपोर्ट शोधले, त्यातच तास गेला असणार. डॉक्टर म्हणालेच, तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते. लेकीनेही एकदाच विचारलं, की आई, तू तो तास काय करत होतीस. त्यानंतर चार वर्षांत ती किती वेळा घरी आली ते तुम्ही बघताच आहात.

माझं चुकलं ते चुकलं. पण ती खुर्ची भरलेली असावी, एवढं वाटतं.

गुडघ्याला शेक देत जा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
घाईबाई

१४ मार्च

चि. घाईबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, मग हसू गेलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाजारात गेलेली आमची नवी वहिनी आता लोकांच्या नोंदी नीट ठेवणार. तुला हे नाव मी ठेवलं त्याला तेवीस वर्षं झाली, अजून शोभतंय.

शीक, पण दुसरं काही शीक. वॉर्डची ती खुर्ची म्हणजे शिव्या खायची जागा. डॉक्टर वरून बोलतात, नातेवाईक समोरून बोलतात, नर्सा मागून बोलतात. एखाद्या दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बस. तिथे माणसं ओरडतात, पण उठून घरी जातात. नाहीतर हिशेबाचा वर्ग कर, तुझी आकडेमोड चांगली आहे.

आणि त्या इमारतीशी पुन्हा संबंध ठेवू नकोस. चौतीस वर्षं मी तिथे काढली, मला विचार. तुझा दोष नव्हता असं मी तुला किती वेळा सांगितलं, तरी तू खपली काढतच राहतेस. माझा भाऊ होता तो, मला काही कमी लागलं का? झालं ते झालं.

कुंडीतली मिरची यंदा बरी आली आहे. कान दिवसेंदिवस बंद होत चाललेत, डॉक्टर म्हणतात यंत्र लावा, मी म्हणते आता ऐकायचं तरी काय राहिलंय.

रागावू नकोस, आणि लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
वन्सं

२२ मे

ती. वन्संना,
नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही. तिन्ही परीक्षांत पहिली आले, हे सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं. ते गेल्या गुरुवारी फाडलं.

गुरुवारचा धडा वेळेच्या नोंदींचा होता. बाईंनी हॉस्पिटलच्या जुन्या कागदांतला एक केसपेपर पडद्यावर दाखवला. नाव, पत्ता, तारीख काळ्या पट्टीने झाकलेलं. पुरुष, वय एक्कावन्न, छातीत दुखतंय. म्हणाल्या, यात चूक शोधा. वर कोपऱ्यात तळमजल्याच्या खिडकीवरच्या मशीनने छापलेली वेळ होती, तीन बत्तीस. खाली हाताने लिहिलेलं, पेशंट वॉर्डात आला, चार चाळीस. बाईंनी विचारलं की तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर यायला या माणसाला एक तास आठ मिनिटं का लागली. कुणीतरी म्हणालं, लिफ्ट बंद असेल. वर्ग हसला. माझा माइक बंद होता.

नोंदणीचा नंबर झाकायचा राहिला होता. मी उठून कपाटातून ह्यांची फाइल काढली. खिडकीवर मिळालेल्या चिठ्ठीची शाई उडाली आहे, वेळ अजिबात दिसत नाही, पण उजेडाकडे तिरकी धरली की नंबर वाचता येतो. मी तो तीन वेळा ताडून पाहिला.

अक्षर बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. चारच्या आकड्याला खालची गाठ तुम्ही कधी मारत नाही, दोन पाय नुसते ओलांडून सोडता. तेवीस वर्षं तुमची पत्रं वाचतेय.

म्हणजे तो तास मी घरी घालवला नव्हता. तो बाकावर गेला. ह्यांनी दोनदा पाणी मागितलं, एकदा म्हणाले की घरीच जाऊ या. मला आजवर वाटायचं, ती सगळी पाच-दहा मिनिटं असतील. घाबरलेल्या माणसाला घड्याळ कळत नाही, म्हणून मी कागदावर विश्वास ठेवला.

ते कधी लिहिलंत आणि का, एवढंच कळवा. बाकी सगळं ठीक.

घाईबाई

१६ जून

चि. वहिनीस,
आशीर्वाद.

तीन आठवडे पेन हातात धरत होते आणि खाली ठेवत होते. भेटशील तेव्हा तोंडाने सांगेन असं चार वर्षं म्हणत आले. भेटलीस अनेकदा.

मीटिंग खरी होती. तपासणीला वरचे लोक येणार होते, त्याची तयारी. क्लार्कला मीच तिसऱ्या मजल्यावर पाठवलं होतं, तिथली आजारी होती. वॉर्डात दोन नव्या पोरी, शिक्षण संपवून महिनाही झाला नव्हता. तू त्यांना दोनदा सांगितलंस, त्यांनी मला दोनदा फोन केला. मी म्हटलं, बसवून ठेवा, येतेच. कोण पेशंट आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

वर आले तर बाकावर माझा भाऊ होता, आणि त्याची मान खाली गेली होती.

सगळं संपल्यावर मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. वॉर्डात आल्याची वेळ कोणी लिहिलीच नव्हती, ती जागा कोरी होती. ते म्हणाले, बाई, तुम्ही इन्चार्ज आहात, तुम्ही कधी पाहिलंत तीच वेळ लिहा, खोटं काही लिहायचं नाही. मी त्याला चार चाळीसला पाहिलं. तेच लिहिलं. त्या दोन पोरींच्या नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगत आले. वहिनी, ते खरं नाही. मला निवृत्तीला दोन वर्षं होती आणि मी घाबरले होते.

डॉक्टर तुला उशिराचं बोलले तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझा हात माझ्या हातात होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मग दिवस गेले, मग पोरगी तुझ्याशी तुटक वागायला लागली, आणि जितका वेळ गेला तितकं बोलणं अवघड झालं. तुझा दोष नाही असं म्हणत राहिले, तेवढं तरी खरं होतं.

माफी मागायला तोंड नाही. तू म्हणशील ते करेन.

वन्सं

३० जुलै

ती. वन्संना,
नमस्कार पोचावा.

तुमचं पत्र लेकीला पाठवलं. मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली, चार वर्षांत पहिल्यांदा न कळवता. पत्र तिने टेबलावर ठेवलं होतं आणि त्याच्याकडे बघत बसली होती. मला वाटलं, आता माझ्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, आत्याने हे एकटीने कसं सोसलं असेल, आता तिला या वयात त्रास देऊ नकोस. मग मला म्हणाली, आई, तुला उलगडा झाला ना, आता सोडून दे.

मला तिने चार वर्षांत माफ केलं नाही, जे मी केलंच नव्हतं त्यासाठी. तुम्हाला एकाच संध्याकाळी केलं. तिचं काय चुकलं, तुम्ही तिची लाडकी आत्या, आणि तुम्ही निदान रडून लिहिलंत. मी चार वर्षं मान खाली घालून ऐकत होते, तेच तिला कबुलीसारखं वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. स्टेशनवर माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो मी मोजला नाही असं नाही.

मला प्रमाणपत्र मिळालं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डची नोकरीही मिळाली, एक तारखेपासून जायचं आहे. तुमच्या हॉस्पिटलनेही बोलावलं होतं, पहिली आले म्हणून. त्यांना नाही म्हटलं, आणि त्याच पत्राबरोबर दुसरा अर्ज दिला. केसपेपरवरची वेळ दुरुस्त करावी, बाकावर एक तास गेल्याची नोंद व्हावी, आणि उशीर घरच्यांनी केला हे डॉक्टरांचं म्हणणं लेखी मागे घ्यावं. आधी उत्तर आलं की तो कागद आता फक्त शिकवण्यासाठी वापरतात. मी पुन्हा लिहिलं, आणि या वेळी तुमचं पत्र जोडलं. आता त्यांनी चौकशी नेमली आहे.

तुम्ही लिहिलं होतं, मी म्हणेन ते कराल. पुढच्या महिन्यात तुम्हाला बोलावणं येईल. या, आणि मला लिहिलंत ते तसंच त्यांच्यासमोर सांगा. मोठे साहेबही अजून तिथेच आहेत.

त्या दिवशी माझ्याकडे उतरू नका. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर एक स्वच्छ लॉज आहे, पायऱ्याही कमी आहेत. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुमच्या भावाची बायको