किमान बारा विद्यार्थी

४ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज डायरी लिहिणार. मोठ्या पदावरची माणसं लिहितात. एक तारखेपासूनच सुरू करणार होतो, पण मनासारखी वही मिळेना.

संचालकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चहा विचारला नाही. म्हणाल्या, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला तुमचा ‘नेतृत्व’ हा ऐच्छिक विषय या सत्रात चालवायचा की नाही, ते आकडा बघून ठरवू. वीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत किमान बारा नावं आली पाहिजेत. नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्टही तिथेच संपलं, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मीही सहज मान हलवली.

बारा! अकरा वर्षं मी इथे नेतृत्व शिकवतोय. खरा प्रश्न वेगळाच आहे. साठाच्या वर गेले तर बसवायचे कुठे? तिसऱ्या मजल्यावरचा मोठा हॉल माझ्यासाठी राखून ठेवा, असा अर्ज ऑफिसात दिला.

बायकोला सांगितलं नाही. ती हॉस्पिटलात वॉर्डची इन-चार्ज सिस्टर आहे, तिच्या डोक्याला आधीच ताप कमी नसतो. वाईट बातमी योग्य वेळी सांगणं हे नेतृत्वाचंच लक्षण आहे.

५ जानेवारी, मंगळवार

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना जाता जाता विचारलं. चार.

सुरुवात अशीच असते. शेजारच्या वर्गातले फायनान्सचे सर (मी मनात त्यांना ‘व्याजवाले’ म्हणतो) यांच्याकडे एकोणसत्तर नावं झालीत. त्यांच्या तासाला मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. पण तिथे मुलं नोकरीच्या भीतीनं जातात. माझे चार स्वखुशीनं आलेत. त्यातली एक तर पाय प्लास्टरमध्ये असताना कुबड्या घेऊन नाव नोंदवायला आली, असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. पुस्तकांची यादीसुद्धा मागत होती. यादी अजून मी केलेली नाही. करायला हवी.

७ जानेवारी, गुरुवार

मार्केटिंगच्या मॅडमना भेटलो. विकणं हा तुमचाच प्रांत आहे, म्हटलं, माझा विषय कसा विकायचा ते सांगा. त्या म्हणाल्या, आधी मुलांना जाऊन विचारा की ती का येत नाहीत.

विचारलं. कॅन्टीनमध्ये पाच जण बसले होते. चौघं मोबाईलमध्ये बघत राहिले. पाचवा प्रामाणिक निघाला. म्हणाला, सर, तुमच्या तासाला झोप फार छान लागते. मी ‘तणावमुक्त वातावरण’ असं टिपून घेतलं.

पोस्टर तयार केलं. माझा फोटो, हाताची घडी, नजर दूरवर. खाली मोठ्या अक्षरांत: ‘तुमच्यातला नेता वाट पाहतोय.’ शिपायानं ते पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी लावलं. ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ हे वाक्य बरोबर माझ्या डोक्यावर आलंय.

८ जानेवारी, शुक्रवार

पाचवं नाव आलं होतं. दुपारी गेलं. चुकून माझ्या रकान्यात खूण केली होती म्हणे.

११ जानेवारी, सोमवार. रात्री ९

रविवारी शांतपणे विचार केला. मुलांनी मला कधी पूर्ण क्षमतेनं ऐकलेलंच नाही. उद्या खुलं व्याख्यान. विषय: ‘संकटकाळातलं नेतृत्व’. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, दुपारी तीन. तीनशे पत्रकं छापायला दिली. खालच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन जुनं आहे, दीडशेच काढू या, असं म्हटलं. मी म्हटलं, छोटा विचार करायचाच नाही.

संध्याकाळी बायकोसमोर तालीम केली. ती भाजी निवडत होती. वीस मिनिटांनी म्हणाली, यात संकट कधी येतं?

१२ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ६

व्याख्यान अतिशय रंगलं. बावीस जण होते. साधारण तीन वीसला धोक्याची घंटा वाजली. खाली झेरॉक्सच्या खोलीतून धूर येत होता. उरलेली पत्रकं काढताना मशीनची वायर जळाली, असं नंतर कळलं.

मी प्रसंगावधान राखून ताबडतोब बाहेर पडलो. इमारतीतून बाहेर येणारा पहिला माणूस मीच होतो. नेता पुढेच असतो. खाली गेटपाशी उभा राहून गर्दीचं नियोजन केलं. वॉचमन मला सारखा बाजूला व्हा म्हणत होता. त्याला प्रशिक्षणाची गरज आहे.

नंतर लक्षात आलं की प्रोजेक्टरचा रिमोट माझ्या हातातच राहिला होता. म्हणजे संस्थेची मालमत्ताही वाचवली.

१३ जानेवारी, बुधवार

धूर होता, आग नव्हतीच. दहा मिनिटांत सगळं आटोपलं होतं. तरी लोकांना बोलायला काहीतरी लागतं.

स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळ्यांनी वह्या तपासायला घेतल्या. मग व्याजवाल्यांनी सांगितलं की लिफ्ट बंद पडल्यामुळे ती प्लास्टरवाली मुलगी वर हॉलमध्ये एकटीच अडकली होती. खिडकीवरच्या बाई हजेरीचा कागद घेऊन, सगळे उतरत असताना जिना चढून वर गेल्या आणि एकेक वर्ग तपासत आल्या. त्यांनी आणि व्याजवाल्यांनी हातांची बैठक करून तिला तीन मजले खाली आणलं. व्याजवाल्यांची कंबर धरलीय. खुर्चीत वाकडे बसले होते.

मला खरंच काही कल्पना नव्हती. हॉल मोठा आहे. शेवटच्या रांगेपर्यंत नजर जात नाही.

नोंदणी: चार. एकही कमी झालेला नाही. प्रतिमा शाबूत आहे.

१४ जानेवारी, गुरुवार

ती शेवटच्या रांगेत नव्हती, पहिल्या रांगेत होती, असं मुलं म्हणतात. असेल. मी बोलताना मुद्द्याकडे बघतो, माणसांकडे नाही.

तिला भेटून चौकशी करायला हवी. उद्या करतो. आज नोंदणीचं बघणं जास्त निकडीचं आहे. सहाच दिवस उरलेत.

धोरणात्मक बदल: विषयाची लेखी परीक्षा रद्द. नेतृत्व काही कागदावर मोजता येत नाही. तशी नोटीस लावली. संध्याकाळपर्यंत सात!

१५ जानेवारी, शुक्रवार

प्रोजेक्टही रद्द केला. नऊ.

चहाच्या वेळी बायकोला असंच विचारलं की तुमच्या वॉर्डात धोक्याची घंटा झाली तर आधी कोण बाहेर जातं? ती म्हणाली, ज्याला चालता येत नाही तो. मी म्हटलं, आणि इन-चार्ज? म्हणाली, शेवटचा पलंग रिकामा झाल्यावर. यात विचारायचं काय? आणि कप विसळायला गेली.

जुनी पद्धत. यामागे काही थिअरी नाही.

मुलीची चौकशी राहिली. शुक्रवारी लोक घाईत असतात.

१८ जानेवारी, सोमवार. दुपारी १

नऊच. हलायचं नाव नाही. सकाळपासून तीनदा खिडकीवर गेलो. चौथ्यांदा बाईंनी मी विचारायच्या आधीच नऊ बोटं दाखवली.

कॅन्टीनमध्ये एकेका टेबलाशी जाऊन बसलो. एका पोराला म्हटलं, तुझ्यात मला नेतृत्वाचे गुण दिसतात. तो म्हणाला, सर, मी इथे ज्यूसवाल्याचा माणूस आहे. तरीही नाव विचारून ठेवलं.

दुपारी ४. ती मुलगी कॉरिडॉरच्या टोकाला दिसली. कुबड्या टेकत येत होती. मला आठवलं की केबिनचा पंखा चालू राहिलाय, म्हणून वळलो. पंखा बंदच होता.

ती मला त्या दिवशी दिसली होती, हे आता नीट आठवतंय. पण तिनं फक्त हात वर केला होता. मला वाटलं प्रश्न विचारायचाय. प्रश्नोत्तरं मी शेवटी ठेवली होती.

१९ जानेवारी, मंगळवार

हजेरीची अट काढून टाकली. वर प्रत्येकाला किमान ‘अ’ श्रेणी. ‘विश्वासाधारित मूल्यमापन’ असं नाव दिलंय.

दुपारी तीनपर्यंत अकरा. चारला एक मुलगा आला. कधी यावं लागेल का, असं विचारलं. नाही म्हटलं. परीक्षेला? नाही. शेवटी तुमचा चेहरा तरी ओळखावा लागेल का, असं विचारलं. म्हटलं, त्याचीही सक्ती नाही. त्यानं उभ्याउभ्याच सही केली.

बारा!!

अकरा वर्षांचं चीज झालं. रस्त्यानं येताना मोठ्यानं गाणं म्हणत होतो, असं आमच्या दुकानदारानं सांगितलं. बायकोला सुट्टी काढून कुठेतरी जाऊ या म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

२० जानेवारी, बुधवार. सकाळी ११

बारा कायम. संचालकबाईंना जिन्यात सांगितलं. त्या बघू म्हणाल्या. पाचला यादी बंद होणार. तोवर केबिन सोडायची नाही, कुणाला भेटायचं नाही. दाराला आतून कडी लावलीय.

दुपारी ४.२०. दारावर टकटक. तो आवाज बोटांचा नव्हता, लाकडाचा होता. कुबडी. मी श्वास रोखून बसलो. ती गेली नाही. बाहेर बाकावर बसल्याचा आवाज आला.

४.३०. अजून बसलीय. खालच्या फटीतून कुबडीची दोन रबरी टोकं दिसतायत. अर्धा तास काढायचा आहे फक्त.

४.३५. कडी काढली. का काढली ते माहीत नाही. खोकला आला, आता लपून काही उपयोग नव्हता, असं लिहून ठेवतो. खोकला आला नव्हता.

संध्याकाळी ५.३०

नीट लिहितो.

तिच्या हातात विषय सोडण्याचा फॉर्म होता. त्यावर त्या विषयाच्या शिक्षकाची सही लागते. सोमवारपासून ती सहीसाठी मला गाठायला बघत होती.

मी म्हटलं, अगं, आता परीक्षा नाही, हजेरी नाही, ‘अ’ श्रेणी नक्की. ती म्हणाली, हो सर, नोटीस वाचली. वडिलांच्या कारखान्यात चाळीस माणसं आहेत, वडिलांना आता झेपत नाही, वर्षभरात मला बघायचंय ते. मला खरंच शिकायचं होतं.

मग मी त्या दिवसाचं बोलायला लागलो. हॉलचा आकार, घंटेचा आवाज, मुद्द्याकडे बघण्याची माझी सवय. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. अकरा वर्षांत इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नसेल. शेवटी म्हणाली, सर, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग दाराकडे बघितलंत. त्याचं काही नाही, घाबरतं माणूस, मीही घाबरले होते. पण नंतर आठ दिवस झाले, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

घड्याळात पावणेपाच झाले होते. माझं पेन चालत नाही, मी सांगितलं. तिनं स्वतःचं पुढे केलं. तारीख कुठली घालायची, शिक्का ऑफिसात आहे की काय, असं मी थोडा वेळ बोलत राहिलो. ती फॉर्म धरून उभीच होती. बस म्हणायचं मला सुचलंच नाही आणि ते लक्षात आल्यावर मी सही केली.

ती थँक्यू म्हणाली आणि निघाली. खिडकी तळमजल्यावर आहे आणि लिफ्ट अजून बंदच आहे. मी म्हटलं, थांब, फॉर्म मी देतो खाली. तिनं दिला.

जिन्यावर कुणी नव्हतं. फॉर्म खिशात घालून पाच मिनिटं प्रसाधनगृहात थांबलो असतो तर यादी बंद झाली असती. हा विचार दुसऱ्या मजल्यावर आला आणि पहिल्या मजल्यापर्यंत टिकला. प्रसाधनगृहाच्या दारालाही हात लावला. मग खिडकीवर जाऊन फॉर्म दिला. चार छप्पन. खिडकीवरच्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. म्हणाल्या, सर, चार मिनिटांनी आणलात तरी चाललं असतं. मी म्हटलं, घ्या आता. त्यांनी यादीवर रेघ मारली.

अकरा.

संचालकबाई सव्वापाचला म्हणाल्या की संस्था तुमच्या सेवेची कदर करते. टेबल महिनाअखेरपर्यंत मोकळं करा. या वेळी चहा आला.

संध्याकाळी ७.१५. घरी.

बायको ड्युटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. सगळं सांगितलं. आधी नोकरीचं, चार तारखेपासून लपवलेलं. मग त्या मुलीचं.

नोकरीबद्दल तिनं काहीच विचारलं नाही. फक्त विचारलं, कुठला पाय? फ्रॅक्चर गुडघ्याच्या वर की खाली? प्लास्टर कधी निघणार?

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.