भादव्यातला पंचनामा

तलाठी साहेब,

वैशाखात तुमी आमच्या टेकड्यांचा पंचनामा केला. "नापीक, काही उगवत न्हाई" असं लिहून खाली पंच म्हणून माझी सही घेतली. आमच्या गावात बाईमाणसाला पंच व्हायला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं, त्या खुशीत मी सही केली. खोटी न्हाई केली; त्या दिवशी माळावर हिरवी काडी नव्हती. आता त्याच कागदावर खडी क्रशरवाला टेकड्या मागून राहिला.

साहेब, आमच्या माळाला वसंत भादव्यात येतो. पंधरा दिवस झाले, शेळ्या चारता चारता मी लेकीच्या मोबाइलवर फोटो काढून राहिले. हिरव्यागार टेकड्या, उतारभर तेरडा, दगडाच्या आडून कळलावी. मी जमिनीला पोट लावून फोटो काढताना पाहून मालक म्हणाले, "याड लागलं काय?" मी म्हटलं, "व्हय." औंढ्याहून चाळीस फोटो छापून आणले. प्रत्येकावर तारीख हाय, अन् तुमीच रोवलेला हद्दीचा दगड हाय.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. सोमवारच्या ग्रामसभेत तुमच्यासमोर उभी राहून वाचीन. पंचनामा पुन्हा करा. पंच मीच राहीन.

सुलोचना वैजनाथ ढाले